फोन माझ्या नंबरवर आला होता

१८ सप्टेंबर

नेलं. चहा कपात तसाच होता आणि यांना नेलं!

दोन गाड्या आल्या. एकीत पोलीस. दुसरीत कोण ते कळलं नाही, काचा वर होत्या. बेड्या नाहीत, आरडाओरडा नाही. "चला साहेब," एवढंच, जणू मिटिंगलाच बोलवायला आलेत. यांनी बूट घातले, काढले, मग चपला घातल्या. मला म्हणाले, "येतोच." नायब तहसीलदार धर्मेंद्र ताकसांडे यांचा स्वतःचाही विश्वास बसलेला नव्हता.

समोर किराणा दुकानातून शोभाबाई बघत होती. ती इतक्या सकाळी दुकान कधीच उघडत नाही. आजच बरं उघडलं!

१९ सप्टेंबर

पेपरात फोटो. लग्नातला, फेट्यातला! हा फोटो त्यांना दिला कोणी? आमच्याच नातेवाइकांपैकी कोणीतरी. शोधून काढीन.

बातमी तीनदा वाचली. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून पकडलेली दारू मैदानात पसरून वरून रोडरोलर फिरवतात. कोर्टाचा हुकूम लागतो, पंच लागतात, एक दंडाधिकारी हजर लागतो. मागच्या निवडणुकीच्या तोंडावर झालेल्या कार्यक्रमाला दंडाधिकारी म्हणजे हे. कागदावर.

रोलर फिरायच्या दिवशी पिणारे काठाला उभे असतात, हातात फडकी घेऊन. ओल्या मातीवर फडकं दाबायचं आणि पिळायचं. दरवेळचंच आहे, पोलीसही हाकलून हाकलून थकतात. त्या दिवशी त्यांनी फडकी पिळली आणि बोंब मारली — "हे त पाणी हाये बे!" कोणीतरी मोबाईलवर काढलं. सगळा जिल्हा तो व्हिडिओ बघून हसला. मीही हसले होते. यांनाच दाखवला होता. हे हसले नाहीत, तेव्हा वाटलं डोकं दुखत असेल.

खरी दारू मतदारांच्या पोटात गेली, रोलरखाली पाणी गेलं, असं आता विरोधी पक्षवाले म्हणतात. गुन्हा लागला — खोटा पंचनामा, विश्वासघात, कट. पेपरात यांचं नाव पहिलं. दारूबंदी खात्याच्या दोघांची नावं खाली, बारीक. पुढाऱ्याचं नाव कुठेच नाही.

सुरभी नागपूरहून आली. राज्यसेवेचा अभ्यास टाकून. आल्याआल्या भांडी घासायला बसली.

२१ सप्टेंबर

इथे लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

त्या दिवशी हे मैदानात गेलेच नव्हते. घरी होते. बनियनवर. मी कणीक मळत होते आणि फोन आला — माझ्या नंबरवर. यात नवल काही नाही. सरकारी माणसाशी आडून काही बोलायचं असलं की आपल्याकडे बायकोच्या फोनवर बोलतात. साहेबांचा नंबर सरकारी कामाला, वहिनीचा नंबर बाकी सगळ्याला! तालुक्यात सगळ्या वहिन्यांचं हेच. मला तर वाटायचं, आपला मान आहे.

"वहिनी, जय भीम. साहेबाले द्या जरा." प्रभाकरराव. माजी सभापती, आमच्या आंजी गावचेच, आमदाराचा उजवा हात. आवाज ओळखायला काय लागतं? स्पीकर चालू होता, माझे हात पिठाचे. म्हणाले, "एवढ्या उन्हात तुमी कायले येता साहेब? सब सेट हाये. कागद घरी पाठवतो, सही मारा न मोकळे व्हा."

कागद आला. दार सुरभीने उघडलं, ती सुटीत घरी होती. यांनी डायनिंग टेबलावर सही केली. मी आलेल्या माणसाला चहा दिला. त्याने साखर जास्त मागितली.

म्हणजे तिघांना माहीत आहे. आणि पोलिसांनी आम्हा दोघींना अजून काहीच विचारलेलं नाही. का नाही विचारलं?

२३ सप्टेंबर

वकील आला. आपणहून!

नीलेश नाव. पांढरी गाडी, नवे बूट, पाय पुसून आत आला. म्हणे साहेबांची केस मी बघतो. मी विचारलं, फी? "होईल न ते मॅडम, पळून चाललो का आपन?" वीस वर्षं मी विम्याची पॉलिसी विकत फिरते. पैशाची घाई नसलेला माणूस कधी भेटला नाही. ज्याला माझ्याकडून फी नको, त्याला ती दुसरीकडून मिळते आहे.

जाताना दारात थांबून हळूच — "तुमच्या फोनचं काई बोलू नका कोनापाशी. साहेबाची केस बिघडन."

मी त्याला फोनचं सांगितलंच नव्हतं!

२४ सप्टेंबर

यांनी सांगितलं असेल. वकिलाला सांगावंच लागतं. पण यांनी सांगितलं की तिकडून आलं?

३० सप्टेंबर

कारागृहात भेट झाली. जाळीच्या पलीकडे हे. दाढी पांढरी किती झाली! घरी रोज करत, म्हणून कधी दिसली नाही.

मी म्हटलं, नाव सांगून टाका. फोन कोणाचा होता ते सांगा. तुम्ही सही केली ही चूक, पण दारू तुम्ही विकली नाही. त्यांनी चूप म्हणून बोट उचललं. "नीलेश वकील सांगते तसं कर. बाकी काई बोलू नको."

"काऊन?" मी विचारलं. चिडले की माझ्याही तोंडात गावचं येतं.

"तुले समजत नाई. थोडं थांब."

माझी चिडचिड झाली. कोणी गप्प बसायला सांगितलं की ती चूप बसत नाही, कारण विचारते — अशी मुलगी वाढवली आम्ही, आणि हे मलाच थांब म्हणतात. कशासाठी थांबू? काय येणार आहे?

४ ऑक्टोबर

यांना काय देऊ केलंय? रात्रंदिवस हेच डोक्यात. पैसा असता तर मला कळला असता, घरातलं पैशाचं यांना काहीच ठेवता येत नाही. धमकी असेल? सुरभीवरून? ती एकटी नागपूरला राहते. आज तिला खोदून विचारलं, कोणी मागे लागतं का, अनोळखी फोन येतात का. चिडली. "आई, तू आता माझ्यावरही डाऊट घेतेस का?"

घेते. सगळ्यांवर घेते. गाडीचा ड्रायव्हर रूपराव इतकी वर्षं यांच्या पुढे बसला, तो एकदाही फिरकला नाही. काल बाजारात दिसला तर चक्क मेडिकलमध्ये शिरला.

७ ऑक्टोबर

पौर्णिमा. वर्षावासाचा शेवट. तीन महिने विहारात ग्रंथवाचन झालं. पहिले दोन मी वाचत होते, माझा आवाज मोठा आहे म्हणून. आज खीरदान. जाऊ की नको करत गेले.

पंचशील सगळ्यांनी मिळून म्हटलं. मद्यपानाच्या शीलापाशी आवाज खाली गेले. की मलाच वाटलं? नाही, गेले. रुख्माबाई सगळ्यांत मोठी, तिने माझ्या बाजूची सतरंजी झटकली आणि पलीकडे जाऊन बसली. खीर वाढताना म्हणाली, "धर्मेंद्रानं समाजाचं नाव घालवलं वो बाई. एक पोरगा सायेब झाला होता आपला."

खीर नकोशी झाली होती. पण टाकली नाही. बघत होत्या.

घरी येऊन खूप रडले. मग राग आला. यांनी दारू पिली नाही, विकली नाही, वाटली नाही. ज्याने वाटली तो गणपतीत आरतीला उभा होता, आपल्या जयंतीतही पुढे उभा असतो, आणि त्याच्या बाजूची सतरंजी कोणी झटकत नाही!

१३ ऑक्टोबर

पोलीस ठाण्यातून फोन. तपास करणाऱ्या मॅडम. जबाबाला या म्हणाल्या, दिवाळीनंतर. आवाज सरळ वाटला. एवढा सरळ की शंका आली.

सुरभी म्हणाली, "सांगून टाक आई. फोन आला, बाबांनी सही केली, मी दार उघडलं. बस. मलाही विचारलं तर मी सांगीन." मी म्हटलं, बाबांना शिक्षा होईल. "बाबांना तशीही होईल. ते एकटेच आहेत न आरोपींच्या यादीत, पाठीशी कोणी नसलेले."

एवढीशी होती. आता अशी बोलते.

ठरलं. सांगणार.

१५ ऑक्टोबर

वर्ध्याहून सोडतीची बातमी आली, जिल्हा परिषदेच्या गटांचं आरक्षण निघालं. शोभाबाई दुकानातून ओरडून कोणाला तरी सांगत होती. मी खिडकी लावून घेतली. मागच्या निवडणुकीनेच घर बुडवलं, आता ही दुसरी.

१८ ऑक्टोबर

प्रभाकरराव घरी आले!

दिवाळीचा डबा घेऊन. सोबत कोणी नाही. दिवाणवर बसले — यांच्या जागेवर. मी उभीच. सुरभी आतून ऐकत होती.

मला वाटलं धमकी देतील. आणि बोलले काय? "वहिनी, तुमी आंजीत कोनाकोनाच्या घरी विमे केले वो?" मी म्हटलं, बऱ्याच घरी. "खरांगण्याकडे जाता काय?" जाते. "बायका वळखतात?" ओळखतात. मग माझ्या शिक्षणाचं. बी.ए. ऐकून मान हलवली. मतदार यादीत नाव इथलंच आहे ना, तेही विचारलं.

"साहेबाचं टेंशन घेऊ नका. आमी हावो न. थोडं शांत राहा फक्त."

गेले. मी डब्याला हात लावला नाही. कशाला विचारलं असेल हे सगळं? सुरभी म्हणते, तुलाही आरोपी करतील. फोन तुझ्या नावावर, विमा एजंट म्हणजे घरोघरी जाणं-येणं. दारू घरोघरी पोहोचवली ती तूच, असं रचतील!

असंच आहे. असंच असणार. एकेक धागा जुळतो — वकिलाला फोन माहीत असणं, यांचं ते थांब थांब. ओळखी विचारल्या त्या त्यासाठीच. माझ्याच गिऱ्हाइकांना साक्षीला उभं करतील.

१९ ऑक्टोबर

डबा सुरभीने कचऱ्यात टाकला. चिवडा चांगला दिसत होता.

२९ ऑक्टोबर

दुसरा वकील शोधायला वर्ध्याला गेले. तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथीकडे, प्रेरणाताई म्हणून एक आहेत, त्यांनी ऐकून घेतलं. "तुमच्या फोनचं रेकॉर्ड निघू शकतं. पण रेकॉर्ड सांगते फोन आला, काय बोलले ते सांगत नाही. ते तुम्हीच सांगायचं. तुम्ही दोघी सांगाल तर केस तुमच्या नवऱ्यावरून वर सरकेल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण नंतर गावात राहायचं आहे ना तुम्हाला?"

हा सल्ला होता की त्यांचाही कोणाशी संबंध आहे? कळेना. मीच थकले आता या कळेनाला.

५ नोव्हेंबर

जामीन! झाला!

सरकारी वकील दोन मिनिटं बोलले, बसले. नीलेशने फार काही केलं नाही. असा सहज जामीन मिळतो का? आनंद झाला की भीती वाटली ते मला सांगता येत नाही. दोन्ही. जास्त आनंद. फाटकापाशी यांनी माझा हात धरला, लोकांसमोर. कधी धरत नाहीत.

घरापर्यंत प्रभाकररावांची गाडी. चौकात पोरांनी फटाके फोडले, हार घातला. आरोपी माणूस नुसता जामिनावर सुटून येतो आणि आपण त्याला नवरदेव करतो! यांनी हार काढून मांडीवर ठेवला. शोभाबाई ओवाळायला आली. परवापर्यंत उधारीची वही उघडत नव्हती, आज तबक घेऊन आली.

६ नोव्हेंबर

आज कळलं.

सकाळी हे चहा पिताना म्हणाले, "दीपा, आपला गट अनुसूचित जाती महिला निघाला." मी म्हटलं, मग? "मग तिकीट तुले आहे."

मी कप खाली ठेवला.

म्हणजे हे! हे होतं त्या थांबमध्ये — गट कोणाला सुटणार याचा अंदाज त्यांना सोडतीआधीच होता. यांनी नाव घ्यायचं नाही, मी जबाबात नाव घ्यायचं नाही, आणि जिल्हा परिषदेचं तिकीट मला. विमे, ओळखी, बी.ए., मतदार यादी — उमेदवार पारखत होता तो. मी समजत होते मला जाळ्यात अडकवतोय.

ओरडले. शोभाबाईला ऐकू जाईल एवढं ओरडले. मला न विचारता? मी काय तुमची म्हैस आहे बाजारात न्यायला? हे म्हणाले, "मी आत होतो, दीपा. सगळे मले सोडून गेलते. तो एकटाच आला. केस पाच-दहा वर्षं चालते, मी निलंबित. तू निवडून आली त घराले काहीतरी राहते. नाहीतर काय आहे आपल्याजवळ?"

"खरं आहे आपल्याजवळ," सुरभी म्हणाली.

हे तिला म्हणाले, "खरं घेऊन तू इंटरव्ह्यूले जाशीन का? वडील आरोपी म्हनून?" ती उठून गेली.

रागात लिहितेय, अक्षर बघवत नाही. नाही. कधीच नाही. परवा जबाब आहे. सगळं सांगणार.

७ नोव्हेंबर

दुपारी रुख्माबाई आली. सोबत विहारातल्या सगळ्या. मला वाटलं बोल लावायला आल्या. तर प्रत्येकीच्या हातात काही ना काही — लुगडं, पेढे, एकीने तर हुरड्याचं कणीस आणलं, कुठून आणलं कोण जाणे, अजून ज्वारी भरली नाही.

"ऐकलं ते खरं हाये का वो? आपल्यातली बाई, शिकलेली! त्या गटात आपल्याले कधी कोनी विचारलं? उभी राहाजो माय. मागं हटू नको." माझ्या गालावरून हात फिरवला. महिन्याभरापूर्वी सतरंजी झटकली होती त्याच हाताने.

मी म्हटलं, अजून ठरलं नाही. कोणी ऐकलंच नाही. एकीने गावातल्या पाण्याच्या टाकीचं काढलं, एकीने शाळेच्या छताचं. मी वही काढून लिहून घेत होते. केव्हा काढली ते कळलं नाही.

लिहून ठेवते, इथे तरी खोटं नको. मला आवडलं. वीस वर्षं लोकांच्या दारात उभी राहिले आणि लोकांनी आतून "घरी कोनी नाई" म्हणून सांगितलं. आज ते माझ्या दारात होते. खूप आवडलं.

सुरभीने सगळ्यांना चहा केला. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

प्रभाकरराव नसले तरी दुसरा कोणी असताच. दारू वाटली गेली ती गेली. मी निवडून आले तर टाकी तरी होईल. हे मी स्वतःला समजावते आहे हेही मला कळतंय.

८ नोव्हेंबर

ठाण्याच्या आवारात, गाडीत बसून लिहिते आहे.

मॅडमनी विचारलं, त्या दिवशी फोन कोणाचा आला होता? मी म्हटलं, आठवत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "विचार करून सांगा ताई." म्हटलं, विचार करूनच सांगते आहे.

बाहेर बाकावर सुरभी बसली होती. मी म्हटलं, चल, झालं. ती उठली, ओढणी सारखी केली. "तू जा घरी. माझा जबाब राहिला आहे."

आत गेली. अजून आली नाही. प्रभाकररावांचा ड्रायव्हर विचारतो आहे, "निघाचं का वहिनी?"